भाषणं घरी ऐका, माणसं तिथे भेटा

माझ्या एका सहकाऱ्यावर मी दीड वर्ष राग धरून होतो. तो चेन्नईला, मी साताऱ्यात. दोघंही एकाच मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात. मी त्याची माहितीपुस्तिका लिहायचो, तो तपासायचा. आठवडाभर खपून मी एखादं प्रकरण पाठवावं आणि दोन दिवसांनी त्याचं उत्तर यावं, ‘नको. परत लिही.’ ना नमस्कार, ना कारण. माणूस तुसडा आहे असं मी ठरवून टाकलं होतं. घरातही त्याचा उल्लेख ‘आमचा नकोबा’ असाच व्हायचा.

२०१९ च्या ऑक्टोबरात पायकॉन इंडिया, म्हणजे पायथन ही संगणकभाषा वापरणाऱ्यांची वार्षिक परिषद, चेन्नईत भरली. जेवणाच्या रांगेत माझ्या गळ्यातला बॅज वाचून एक उंच माणूस थबकला. तोच तो. ताटं घेऊन बसलो आणि मी मुद्दामच अडकलेल्या प्रकरणाचा विषय काढला. तो म्हणाला, ‘नको.’ अगदी तसाच, एका शब्दात. मग त्याने कागदी रुमाल ओढला आणि नवखा वाचक त्या प्रकरणात नेमका कुठे हरवतो, ते वीस मिनिटं चित्रं काढून दाखवलं. त्याचा सांबारभात पार गार झाला. माणूस तुसडा नव्हता, मितभाषी होता. टाइप करायचा तर त्याला मनापासून कंटाळा होता. परत आल्यावर त्याचे निरोप होते तसेच राहिले. मी मात्र ‘नको’ आलं की फोन उचलून ‘चित्र काढ’ म्हणायला लागलो.

घरातून काम करणाऱ्या, टीम चार शहरांत पांगलेल्या आणि वर्षातून एखाद्याच परिषदेत सगळे भेटण्याची शक्यता असलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. उदाहरणं माझ्या क्षेत्रातली, सॉफ्टवेअरची आहेत, पण भाषांतरकार, संशोधक, संपादक, लेखापाल यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडावं.

परिषदेला जाणं म्हणजे भाषणं ऐकायला जाणं, हा समज आधी सोडून द्या. आमच्या क्षेत्रातल्या बहुतेक परिषदांची भाषणं पुढे यूट्यूबवर येतात आणि ती दीडपट वेगाने ऐकता येतात. तिकीट, प्रवास, राहणं, चार दिवसांची रजा हा सगळा खर्च माणसांसाठी आहे. मराठी माणसाला हे खरं तर शिकवायला नको. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. तेव्हापासून आपण संमेलनं भरवतो आहोत आणि आजही निम्मी गर्दी मांडवाबाहेर पुस्तकांच्या गाळ्यांपाशी आणि चहाच्या टपरीवर असते. ती गर्दी काही चुकत नाही.

भेटीने खरंच फरक पडतो का, याचा एक प्रयोग वादळाने आपणहून करून दाखवला आहे. २०१२ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेचं वार्षिक अधिवेशन न्यू ऑर्लीन्सला व्हायचं होतं. कार्यक्रमपत्रिका छापून तयार होती आणि ‘आयझॅक’ चक्रीवादळ आलं. अधिवेशन ऐन वेळी रद्द झालं. पुढे काही अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, की तिथे एकमेकांना भेटू शकले असते अशा लोकांनी नंतर मिळून किती शोधनिबंध लिहिले. नेहमीप्रमाणे पार पडलेल्या अधिवेशनांशी तुलना केल्यावर मिळून लिहिण्याची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी घटलेली दिसली. ईमेल, फोन, सगळं हाताशी असूनही.

आता तयारी. ती परिषदेच्या दोन महिने आधी सुरू व्हायला हवी आणि तिची पहिली पायरी म्हणजे नावांची यादी. यादीत पाचापेक्षा जास्त नावं नकोत. मी एकदा दोन दिवसांत बारा जणांना वेळ दिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यासमोर कोण बसलं आहे आणि त्याच्याशी मी काय बोलायचं ठरवलं होतं, हेच मला आठवेना. तो बिचारा मात्र मला भेटायला म्हणून हैदराबादहून आला होता.

पाचांत पहिलं नाव ज्याच्याशी तुमचं लिखाणात खटकतं त्याचं असू द्या. आवडत्या माणसांच्या गप्पा आपोआप होतात, त्यांच्यासाठी नियोजन लागत नाही. दुसरं, ज्याच्या कामावर तुमचं काम उभं आहे, पण ज्याच्याशी थेट कधी बोलणं झालेलं नाही. तिसरं, टीममध्ये नुकतं आलेलं कुणीतरी. नव्या माणसाला मीटिंगच्या चौकटीतले सगळे चेहरे सारखेच दरारा वाटणारे दिसतात आणि प्रश्न विचारायची त्याला चोरी होते. उरलेल्या दोन जागा तुमच्या आवडीने भरा.

मग प्रत्येकाला छोटा निरोप पाठवा. ‘भेटूया का’ एवढंच लिहू नका, त्याला सगळे ‘नक्की’ म्हणतात आणि कुणीच भेटत नाही. ‘शनिवारी दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास मिळेल का? त्रुटींची यादी नव्या माणसाला कशी समजावायची यावर मी अडलो आहे, तुझं डोकं हवंय,’ असं लिहा. दिवस, वेळ आणि एक खरा प्रश्न. कंपनीकडून खर्च मागायचा असेल, तर हीच यादी साहेबांपुढे ठेवा. कोणती भाषणं ऐकणार हे लिहिलंत तर ‘ती ऑनलाइन बघ ना’ असं उत्तर येणार, आणि ते बरोबरच असेल. कोणाला भेटणार आणि कोणता अडलेला प्रश्न सोडवून आणणार, ते अर्ध्या पानात मांडा.

प्रश्न कोणता निवडायचा, यालाही महत्त्व आहे. २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेव्हाव यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रयोगशाळेत जोड्या बसवल्या आणि पाच देशांतल्या इंजिनियरांवरही तोच प्रयोग केला. समोरासमोर बसलेल्या जोड्यांना व्हिडिओवरच्या जोड्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या. सुचलेल्यांतून चांगली कल्पना निवडण्यात मात्र व्हिडिओवाले अजिबात मागे नव्हते. कारण त्यांनी असं दिलं, की पडद्यावर बोलताना नजर पडद्याला चिकटते आणि नजर आखडली की विचारही आखडतो. खोलीत बसलेला माणूस इकडे तिकडे बघतो, छताकडे बघतो, आणि तिथेच काहीतरी सापडतं. म्हणून ‘अ घ्यायचं की ब’ असले प्रश्न परिषदेत नेऊ नका, ते सोमवारच्या कॉलवर मिटतात. ज्या प्रश्नाला अजून धड तोंडही फुटलेलं नाही, तो न्या.

पैशांचं थोडं. अनेक परिषदा प्रवासासाठी मदत देतात. पायकॉन, विकिपीडियाच्या परिषदा, डेबियन या मुक्त प्रणालीची डेबकॉन, या सगळ्यांत अशी सोय असते. अर्जाची मुदत परिषदेच्या बरीच आधी संपते आणि आपल्याकडचे लोक संकोचाने अर्जच करत नाहीत. करा. प्रकल्पासाठी फुकट राबणाऱ्या माणसाने तिकिटाचे पैसे मागणं यात कमीपणा नाही. राहण्याची जागा परिषदेच्या जवळच बघा. बंगळूरला खोलीमागे चारशे रुपये वाचवायला मी बारा किलोमीटरवर राहिलो आणि रोजचे तीन तास रस्त्यावर घालवले. टीममधले दोघंतिघं एकाच लॉजवर उतरले तर आणखी उत्तम. सकाळी ब्रश तोंडात असताना झालेल्या बोलण्यातून मिटलेली भांडणं मी पाहिली आहेत. शक्य असेल तर एक दिवस आधी पोहोचा आणि एक दिवस उशिरा निघा. मुख्य परिषदेला जोडून ‘स्प्रिंट’ नावाचे दिवस असतात, तेव्हा लोक एका टेबलाभोवती बसून प्रत्यक्ष काम करतात. दोन दिवसांच्या भाषणांपेक्षा स्प्रिंटचा एक दिवस मोलाचा, हे माझं ठाम मत.

स्प्रिंटमध्ये काय होतं ते सांगायला हवं. तुम्ही सहकाऱ्याच्या शेजारी बसता आणि त्याचा पडदा तुम्हाला दिसतो. तो आधी काय उघडतो, कुठे चाचपडतो, काय पाठ आहे, कशासाठी दर वेळी शोधाशोध करतो, हे कोणत्याही मीटिंगमध्ये कळत नाही. आमच्यातली एक अनुभवी बाई मी लिहिलेली पुस्तिका चाळताना सूची कधीच वापरत नाही, सरळ पानभर शोध मारते, हे मला तिच्या शेजारी बसल्यावर कळलं. मी त्या सूचीवर तीन महिने घालवले होते.

बॅजवर खऱ्या नावाखाली तुमचं ऑनलाइन नावही ठळक लिहा. लोक तुम्हाला त्याच नावाने ओळखतात. २०११ च्या नोव्हेंबरात मुंबईला विकिपीडियावर लिहिणाऱ्यांची पहिली विकिकॉन्फरन्स इंडिया झाली. विकिपीडियावर माणसं वर्षानुवर्षं सदस्यनावांनी एकमेकांशी बोलत, वाद घालत, एकमेकांचं लिखाण दुरुस्त करत असतात. टोपणनावामागे शाळकरी मुलगा आहे की निवृत्त प्राध्यापक, याचा लिखाणावरून पत्ता लागत नाही. अशा ठिकाणी नुसतं ‘पाटील’ लिहिलेला बॅज काही कामाचा नाही.

डेबियनवाल्यांकडे तर भेट हा कामकाजाचाच भाग आहे. त्यांच्यात एकमेकांची डिजिटल किल्ली प्रमाणित करायची पद्धत आहे. समोरासमोर उभं राहायचं, पासपोर्टसारखं ओळखपत्र दाखवायचं, किल्लीच्या ठशाचे आकडे कागदावरून जुळवायचे. जगभर विखुरलेल्या, पगार न देणाऱ्या या संघटनेचा विश्वास अशा साखळीवर उभा राहिला. तिची वार्षिक परिषद २०२३ च्या सप्टेंबरात कोचीला झाली. भारतातली ती पहिलीच. याच परिषदेत ‘चीज अँड वाइन’ नावाची एक संध्याकाळ असते. प्रत्येकाने आपल्या गावाकडचं काहीतरी खायला आणायचं आणि सगळं एका टेबलावर मांडायचं. ही कल्पना तुमच्या पाचजणांच्या भेटीतही चालते. कंदी पेढे, बाकरवडी, मालवणी खाजा, जे टिकेल आणि सांडणार नाही ते न्या. दाण्याची चिक्की नेणार असाल तर आधी विचारा, शेंगदाण्याची ॲलर्जी असणारे परदेशी सहकारी बरेच असतात. पुडा फोडला की ‘हे काय आहे’ इथून बोलणं सुरू होतं आणि पहिल्या पाच मिनिटांचं अवघडलेपण टळतं.

घोळक्यात उभं राहायचाही एक नियम आहे. ‘राइट द डॉक्स’ या तांत्रिक लेखकांच्या परिषदा सुरू करणाऱ्यांपैकी एरिक होल्शर यांनी तो सांगितला. पॅकमॅन हा जुना व्हिडिओ गेम आठवतो? तोंड उघडं असलेला पिवळा गोल. चारजण बोलत असाल तर तसे उभे राहा, वर्तुळात एका माणसाची फट ठेवून. कोणी त्या फटीत आलं की थोडं सरकून पुन्हा एक फट करायची. वाचायला बालिश वाटतं, पण पाठमोऱ्या बंद वर्तुळाभोवती चहाचा कप घेऊन दोन फेऱ्या मारलेल्या कुणालाही याची किंमत विचारा.

ही फट भाषेचीही असते. टीममध्ये दोन मराठी माणसं निघाली की चेन्नईत काय, बर्लिनमध्ये काय, मराठी सुरू होतेच. होऊ द्या, त्यातच मजा आहे. तिसरा माणूस येऊन उभा राहिला की मात्र पुढच्या वाक्याला त्यालाही कळेल अशा भाषेकडे वळा. आणि या दोन मराठी माणसांची एक खास अडचण असते. तीन वर्षं इंग्रजीत एकमेकांना ‘यू’ लिहिल्यानंतर समोर आल्यावर अरे-तुरे करायचं की अहो-जाहो? मी एकदा एकाला अख्खा दिवस क्रियापदं चुकवत, ‘जेवण झालं का’, ‘चहा हवा का’ असं तिऱ्हाईत बोलत काढला. शेवटी तोच म्हणाला, ‘अहो, मला अरे म्हणा.’ त्यानेही मला अहोच म्हटलं, हे आम्हा दोघांच्याही नंतर लक्षात आलं. सरळ विचारून टाकावं.

खटकणाऱ्या माणसाशी बोलायचं असेल, तर टेबलाच्या दोन बाजूंना बसू नका. चालायला निघा. सोबत चालताना नजर भिडवावी लागत नाही आणि गप्प राहिलं तरी चालतं. पहिलं वाक्य तक्रारीचं नको. ‘तुझ्याकडे काम कसं येतं, दिवसातल्या कोणत्या वेळी तू माझं लिखाण वाचतोस?’ असं विचारा. उत्तरात तुमच्या तक्रारीचं निम्मं कारण सापडेल. उरलेलं निम्मं त्याला विचारा.

बुजऱ्या स्वभावाच्या वाचकांना एवढंच सांगतो, की दिवसातून दोनदा खोलीवर जाऊन अर्धा तास पडून राहणं हा वेळेचा अपव्यय नाही. गर्दीच्या संध्याकाळच्या पार्ट्या टाळल्या तरी काही बुडत नाही. सकाळचा नाश्ता त्याहून बरा, लोक ताजे असतात आणि आवाज कमी. फोटो काढण्याआधी आणि टाकण्याआधी विचारा. एकट्याने जात असाल, विशेषतः बायकांनी, तर परिषदेच्या आचारसंहितेच्या पानावरचा मदतीचा क्रमांक पोहोचल्याबरोबर फोनमध्ये ठेवा.

कधी कधी भेट फसते, हेही मान्य करावं. पत्रांतून आवडलेला माणूस प्रत्यक्षात स्वतःविषयीच बोलणारा निघतो. मग काय? त्याच्याशी लिखाणापुरतं ठेवा. ते चांगलं चाललं होतंच.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. ही चूक मी स्वतः केली आहे. एका परिषदेत आम्ही तिघं रात्री डोसा खात बसलो आणि पुस्तिकेची अख्खी रचना बदलायचं ठरवलं. उत्साहात होतो. आमची चौथी सहकारी नागपूरला, घरी आठ महिन्यांचं बाळ, तिला येणं शक्यच नव्हतं. आम्ही परत येऊन कामाला लागलो आणि तिला ते दहा दिवसांनी, स्वतःचं प्रकरण गायब झालेलं बघून कळलं. ती भांडली नाही. तिने फक्त लिहिलं, ‘ठरलंच असेल तर ठीक.’ पुढचे दोन महिने ती सांगितलं तेवढंच करत राहिली. तिच्या सूचना बंद झाल्या तेव्हा त्यांची किंमत कळली. जे तिघं भेटले त्यांचा सलोखा वाढला आणि जी आली नाही ती आणखी दूर गेली. म्हणजे भेटीचा फायदा आणि तोटा एकाच रात्रीत झाला.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे. परिषदेत जे बोलणं होईल, ते त्याच रात्री, झोपण्याआधी, टीमच्या नेहमीच्या जागी लिहून टाकायचं. त्याला ‘निर्णय’ म्हणायचं नाही, ‘प्रस्ताव’ म्हणायचं. न आलेल्यांना उत्तर द्यायला किमान एक आठवडा. आणि तिथूनच, सगळे एकत्र असताना, न आलेल्या माणसाला एकदा फोन लावायचा. कामासाठी नाही, टेबलावर काय काय खायला आहे ते दाखवायला. टिपणं छोट्या डायरीत घ्या. लॅपटॉप उघडला की समोरचा माणूस पुन्हा मीटिंगमधला होतो. घरी पोचल्यावर भेटलेल्या प्रत्येकाला दोन ओळी लिहा आणि तीन आठवड्यांनी एक कॉल ठेवा. परिषदेतली आश्वासनं तोपर्यंत अर्धी विरलेली असतात. कोणती टिकली ते त्या कॉलवर पाहून घ्यायचं.

ज्यांना जाणं शक्यच नाही त्यांनीही हात टेकू नयेत. घरात आजारी माणूस असतं, रजा नसते, पैसे नसतात. तुमच्या टीममधलं कोणी दीडशे किलोमीटरच्या आत राहतं का, ते एकदा विचारा. आम्ही दोघं चार वर्षं एकत्र काम करत होतो आणि तो कराडचा निघाला, माझ्या घरापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर. पुण्या-मुंबईत पायथनवाल्यांच्या आणि फॉस युनायटेड या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या संस्थेच्या बैठका भरतात, त्यांना प्रवेश बहुधा मोफत असतो. तिथे तुमची टीम भेटणार नाही कदाचित, पण माणसांत जाऊन बोलायची सवय होईल. घरातून काम करणाऱ्यांची ती मोडलेली असते. माझी तर पार मोडली होती.

परिषदेच्या तारखा सहसा सहा महिने आधी जाहीर होतात. रेल्वेचं आरक्षण २०२४ च्या नोव्हेंबरपासून साठ दिवस आधी उघडतं. आज त्या पाच नावांना निरोप पाठवा, जायच्या तारखेतून साठ दिवस वजा करा आणि त्या दिवशी सकाळी आठला तिकीट काढायला बसा.